सीमेपलीकडची रोजी

मध्य आशियातील ताजिकिस्तान हा देश भारतीयांना वाटतो तितका दूर नाही. काश्मीरच्या उत्तरेस अफगाणिस्तानची वाखान नावाची चिंचोळी पट्टी आहे. काही ठिकाणी तिची रुंदी वीस किलोमीटरहूनही कमी भरते. ती ओलांडली की ताजिकिस्तानातील पामीर पर्वताच्या रांगा सुरू होतात. या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी डोंगराळ आहे. शेतीयोग्य जमीन थोडी, कारखाने मोजके आणि कुटुंबे मात्र मोठी. लोकसंख्या सुमारे एक कोटी. अशा या लहानशा देशाविषयी जागतिक बँकेच्या आकडेवारीत एक विलक्षण गोष्ट आढळते. २००८ या वर्षात ताजिकिस्तानात जेवढ्या मोलाच्या वस्तू व सेवा निर्माण झाल्या, त्या मोलाच्या जवळपास निम्मी रक्कम परदेशी राबणाऱ्या मजुरांनी घरी पाठवली होती. जगातील फारच थोड्या देशांच्या बाबतीत हे प्रमाण इतके मोठे आहे. त्यातही विशेष असे की, ही रक्कम बहुतांशी एकाच देशातून आली होती. तो देश म्हणजे रशिया.

एका देशाची चूल दुसऱ्या देशातील मजुरीवर कशी पेटू लागली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्याचे विघटन झाले आणि त्याच्या पंधरा घटक प्रजासत्ताकांचे पंधरा स्वतंत्र देश झाले. तोपर्यंत दुशान्बेचा ताजिक आणि मॉस्कोचा रशियन हे एकाच देशाचे नागरिक होते. मोठ्या शहरात राहण्यासाठी तेव्हाही सरकारी नोंदणी लागत असे. परंतु परराष्ट्रात जाण्याचा प्रश्न नव्हता. आणि तरीही त्या काळात मध्य आशियातील शेतकरी आपले गाव सोडून फारसा बाहेर पडत नव्हता. रशियातील कारखान्यांना माणसे हवी असताना उझबेक व ताजिक तरुण तिकडे का येत नाहीत, अशी चिंता सोव्हिएत नियोजनकारांना असे. उत्तर साधे होते. कापसाच्या सामूहिक शेतीवर काम होते, शाळा व दवाखाना गावातच होता, आणि या प्रजासत्ताकांच्या खर्चाची तोंडमिळवणी मध्यवर्ती सरकारच्या अनुदानातून होत होती.

१९९१ नंतर ते अनुदान थांबले. कारखान्यांना लागणारा कच्चा माल आणि सुटे भाग आता परदेशातून आणावे लागत. तयार मालाचे गिऱ्हाईकही परदेशात गेले. ताजिकिस्तानात तर १९९२ साली यादवी युद्ध भडकले. जून १९९७ मध्ये तह होईपर्यंत हजारो माणसे मारली गेली आणि लाखो बेघर झाली. युद्ध संपले तेव्हा शेतावरची मजुरी नावापुरती उरली होती आणि शिक्षकाच्या पगारात पिठाची गोणी येणेही कठीण झाले होते. माणसे बाहेर पडू लागली ती या काळात.

दुसऱ्या बाजूने रशियालाही मजुरांची गरज निर्माण होत होती. १९९२ पासून त्या देशात जन्मापेक्षा मृत्यूंची संख्या अधिक राहू लागली. १९९८ च्या आर्थिक संकटातून सावरल्यानंतर तेलाचे भाव चढत गेले आणि मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग यांसारख्या शहरांत बांधकामांना ऊत आला. विटा वाहणे, रस्ते झाडणे, बर्फ उपसणे, बाजारात ओझी उचलणे अशी कामे पत्करण्यास स्थानिक माणूस तयार नव्हता. मध्य आशियातील मजूर तयार होता. त्याला रशियन भाषा थोडीफार येत होती, प्रवेशासाठी व्हिसा लागत नव्हता, आणि जुन्या सोव्हिएत रेल्वेमार्गाने उझबेकिस्तान व कझाकस्तान ओलांडून काही दिवसांत मॉस्को गाठता येत होते. घरातील एखादा वडीलधारा सोव्हिएत सैन्यात असताना त्याच भागात राहून आलेला असे. नवे देश झाले, नव्या सीमा झाल्या. भाषा, लोहमार्ग आणि ओळखीपाळखी मात्र जुन्याच राहिल्या. या स्थलांतराचे वेगळेपण त्यातच आहे. रत्नागिरीचा तरुण मुंबईच्या गिरणीत जाई तेव्हा त्याच्या वाटेत राष्ट्राची सीमा नव्हती. ताजिक तरुणाच्या वाटेवर ती आयत्या वेळी येऊन उभी राहिली.

ताजिकिस्तानप्रमाणेच किर्गिझस्तान व उझबेकिस्तान येथूनही असेच लोंढे निघाले. संख्येने पाहता उझबेक मजूर सर्वांत अधिक आहेत. आर्मेनिया, मोल्दोवा, जॉर्जिया येथील लोकही रशियाकडे वळले. तेलसंपन्न कझाकस्तान मात्र स्वतःच यजमान बनला. १९९७ साली त्याने आपली राजधानी आल्माटीहून उत्तरेकडे हलवली, आणि त्या नव्या शहराच्या उभारणीत शेजारच्या देशांतील गवंड्यांचा मोठा हात आहे.

या मजुरांना निरनिराळ्या भाषांत जी नावे मिळाली, तीही पाहण्यासारखी आहेत. रशियन भाषेत ‘गास्तारबाइतर’ हा शब्द रूढ झाला. तो मूळचा जर्मन असून त्याचा शब्दशः अर्थ ‘पाहुणा कामगार’ असा होतो. पश्चिम जर्मनीत तुर्की मजुरांसाठी तो वापरला जाई. रशियात मात्र त्याला हेटाळणीचा वास चिकटला. उझबेकिस्तानातील शहरांत पहाटे मजूर कामाच्या प्रतीक्षेत जेथे उभे राहतात, त्या नाक्याला ‘मर्दिकोर बोझोरी’ म्हणतात. मराठी वाचकाला यातील तिन्ही शब्द ओळखीचे वाटतील: मर्द, कारखाना व कारागीर यांमधील ‘कार’, आणि बाजार. फारसी भाषेने हे शब्द तिकडेही दिले आणि इकडेही. आपला ‘मजूर’ हा शब्दही फारसीच. ‘मुझ्द’ म्हणजे वेतन, त्यावरून तो आला. ‘मर्दिकोर’ या शब्दामागे एक कडवट आठवणही आहे. १९१६ साली रशियाच्या झारने मध्य आशियातील पुरुषांना युद्धकाळात सक्तीने मजुरीवर नेण्याचे फर्मान काढले होते, आणि त्यातून मोठा उठाव झाला होता. तेव्हा नेल्या गेलेल्या माणसांनाही हाच शब्द लावला जाई.

या मजुराचे वर्ष साधारणतः ठरलेले असते. मार्चमध्ये नवरोजचा सण आटोपला की तो निघतो आणि थंडी कडक झाली की परततो. मधल्या काळात बांधकामावरचे लोखंडी डबे, तळघरे किंवा एकेका खोलीत दहा-बारा जणांची पथारी हेच त्याचे घर. मुकादम बहुधा आपल्याच देशातला असतो. तोच काम मिळवून देतो, आणि कधी कधी हंगाम संपताना मजुरी बुडवून नाहीसाही होतो. करार लेखी नसल्याने दाद कोठे मागणार, हा प्रश्न उरतो. कागदपत्रांचा प्रश्न तर त्याहून जाचक. रशियात राहण्यासाठी निवासाच्या पत्त्याची नोंद करावी लागते, आणि घरमालक ती करून देण्यास नाखूष असतात. त्यामुळे एकाच सदनिकेच्या पत्त्यावर शेकडो जणांची खोटी नोंद करून देण्याचा धंदाच सुरू झाला. रशियन लोक अशा घरांना ‘रबरी सदनिका’ म्हणू लागले. २०१३ च्या अखेरीस अशी नोंद हा फौजदारी गुन्हा ठरला. त्याच सुमारास आणखी एक कडक नियम झाला: तीन वर्षांत दोन किरकोळ गुन्हे घडले, तरी परदेशी माणसावर काही वर्षांची प्रवेशबंदी घालता येऊ लागली. नोंदणीतील दिरंगाई किंवा रस्त्यावरील वाहतुकीचा नियमभंगही त्यात धरला जाई. बंदी घातलेल्या ताजिकांची संख्या थोड्याच काळात लाखांच्या घरात गेली. आपल्यावर बंदी आहे, हे कित्येकांना विमानतळावर उतरल्यावरच समजत असे.

१ जानेवारी २०१५ पासून रशियाने कामाच्या परवान्याची पद्धत बदलली. व्हिसाविना येणाऱ्या मजुराला आता ‘पेटंट’ घ्यावे लागते. शोधांच्या स्वामित्वहक्काशी या शब्दाचा येथे काही संबंध नाही. दरमहा ठराविक रक्कम आगाऊ भरून मिळणारा हा काम करण्याचा परवाना होय. त्यासाठी रशियन भाषा, इतिहास व कायदा यांची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि विमा आवश्यक असतो. मॉस्कोत २०१५ साली त्याचे मासिक शुल्क ४,००० रुबल होते. २०२५ साली ते ८,९०० रुबल झाले. मुदतीत पैसे भरले नाहीत तर परवाना रद्द होतो. काम मिळो वा न मिळो, मजुरी हाती पडो वा न पडो, शुल्क चुकत नाही. या पेटंटांपासून मॉस्को शहराला मिळणारे उत्पन्न तेल कंपन्यांकडून शहराला मिळणाऱ्या करापेक्षा अधिक झाल्याचे त्या शहराचे महापौर सर्गेई सोब्यानिन यांनी जाहीरपणे सांगितले होते. स्थलांतरित मजूर यजमान देशावर भार असतात, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकवार पाहावा.

आता मजुराच्या घराकडे वळू. रशियातून मध्य आशियात पैसे पाठवणे स्वस्त आहे; शंभरामागे एक-दोन एवढाच खर्च येत असे, आणि जगात इतरत्र तो याहून कितीतरी अधिक पडतो. गावातील लहानशा बँकशाखेत त्याच दिवशी रक्कम मिळते. हा पैसा थेट कुटुंबाच्या हाती पडतो, मध्ये कोणी अधिकारी नसतो, आणि म्हणूनच त्याचा परिणाम झपाट्याने दिसला. शतकाच्या प्रारंभी ताजिकिस्तानात दर पाच माणसांपैकी चार दारिद्र्यरेषेखाली होती. २०१८ पर्यंत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत आले. एवढी घट घडवून आणणारा दुसरा कोणताही उद्योग त्या देशात उभा राहिला नव्हता. खतलोनच्या सखल प्रदेशात किंवा रश्त खोऱ्यात मातीच्या घरांच्या जागी विटांची घरे आणि पत्र्याची चकाकणारी छपरे दिसू लागली, ती या पैशातून.

परंतु हा पैसा जातो कोठे, हेही पाहिले पाहिजे. त्याचा फार मोठा वाटा पीठ, तेल, साखर, औषधे आणि कपडे यांवर खर्च होतो. उरले तर घर बांधले जाते, आणि त्यानंतर लग्न. लग्नांवरील उधळपट्टी इतकी वाढली की, २००७ साली ताजिक सरकारने कायदा करून पाहुण्यांची संख्या आणि जेवणावळींवर मर्यादा घातली. वर्षभर परमुलखात बर्फ उपसून साठवलेली कमाई एका दिवसाच्या पंगतीत संपावी, हे सरकारला रुचले नाही. मजुराच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. जो माणूस वर्षातून नऊ महिने गावात नसतो, त्याला आपले गावातले स्थान टिकवण्यासाठी असे प्रसंगच हाताशी असतात. मराठी मुलखातही असल्या खर्चाची कारणे याहून फार निराळी नसतात.

येथे अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा मुद्दा येतो. पैसा येतो, मागणी वाढते, परंतु मागणी असलेल्या वस्तू देशात तयार होत नाहीत. त्या रशिया, चीन, कझाकस्तान येथून येतात. म्हणजे रशियात मिळवलेला रुबल ताजिकिस्तानातील गावाला भेट देऊन बहुतांशी पुन्हा बाहेर जातो. मधल्या मधे सरकारला आयात शुल्क आणि विक्रीवरील कर मिळतो. त्यामुळे तिजोरी चालू राहते, आणि कारखाने उभारण्याची निकड तीव्रतेने भासत नाही. तरुणांचा असंतोषही त्यांच्याबरोबर सीमेपलीकडे जातो. दुसरीकडे गावातील कुशल माणूस नाहीसा होतो. चांगला गवंडी, सुतार, वीजतंत्री मिळेनासा होतो; गणिताचा शिक्षक मॉस्कोत गिलावा करताना आढळतो, कारण तेथील गिलाव्याची मजुरी त्याच्या पगाराच्या कित्येक पट असते. शेते बायका, वृद्ध आणि मुले यांच्यावर येऊन पडतात. कापूस वेचणीच्या मोसमात खतलोनमध्ये शेतात स्त्रियाच अधिक दिसतात. काही पुरुष रशियात दुसरा संसार थाटतात. फोनवरील संदेशातून तलाक देण्याचे प्रकार इतके वाढले की, २०११ साली ताजिक अधिकाऱ्यांना तो अमान्य असल्याचे जाहीर करावे लागले. अशा स्त्रीचे नाव घराच्या कागदावर नसते आणि विवाहाची सरकारी नोंदही बहुधा झालेली नसते. आकडेवारीत ही किंमत कोठे मांडलेली नसते.

ही सारी व्यवस्था एकाच देशावर अवलंबून असण्यातील धोका तीन वेळा उघड झाला. २००९ साली जागतिक मंदीमुळे रशियातील बांधकामे थांबली आणि ताजिकिस्तानात येणारी रक्कम सुमारे तीस टक्क्यांनी घटली. दुसरा तडाखा याहून मोठा होता. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले. क्राइमियाच्या प्रश्नावरून पाश्चात्त्य देशांनी रशियावर निर्बंधही घातले होते. रुबल घसरला. त्याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने कळेल. एखाद्या मजुराने दरमहा ३०,००० रुबल घरी पाठवले असे समजू. २०१४ च्या प्रारंभी एका डॉलरला सुमारे ३३ रुबल पडत. म्हणजे त्या रकमेचे सुमारे ९०० डॉलर होत. वर्षभराने डॉलर ६५ रुबलांवर गेला, तेव्हा तेवढ्याच कष्टाचे सुमारे ४६० डॉलर झाले. मजुराने काम कमी केले नव्हते, बचतही कमी केली नव्हती. २०१३ ते २०१५ या काळात ताजिकिस्तानात येणारी रक्कम जवळपास निम्म्यावर आली. सोमोनी या ताजिक चलनाची किंमत घटली, कर्जे थकली, आणि दोन मोठ्या बँका सावरण्यासाठी सरकारला २०१६ साली पैसा ओतावा लागला. तेलाचा भाव जागतिक बाजारात पडला आणि त्याचा घाव पामीरच्या पायथ्याच्या गावावर बसला.

या काळात शेजारच्या किर्गिझस्तानने वेगळी वाट धरली. ऑगस्ट २०१५ मध्ये तो रशियाप्रणीत युरेशियन आर्थिक संघात सामील झाला. परिणामी किर्गिझ मजुराला पेटंट घेण्याची गरज उरली नाही, त्याच्या पदव्यांना मान्यता मिळाली, आणि २०२१ पासून संघातील देशांत केलेल्या कामाची वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरली जाऊ लागली. तडाखा किर्गिझस्तानलाही बसला होता, परंतु तो लवकर सावरला. एकाच बांधकामावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मजुरांपैकी एकाला दरमहा शुल्क भरावे लागे आणि दुसऱ्याला नाही. फरक केवळ पारपत्राचा होता. या सवलतीच्या बदल्यात किर्गिझस्तानला संघाचे चढे आयात शुल्क स्वीकारावे लागले, आणि चिनी माल आणून विकणाऱ्या तेथील व्यापाऱ्यांचे त्यात नुकसान झाले, हेही नमूद केले पाहिजे.

उझबेकिस्तानची कथा निराळी आहे. त्या देशाचे पहिले अध्यक्ष इस्लाम करीमोव्ह यांना हे स्थलांतर मान्यच नव्हते. मॉस्कोत रस्ते झाडायला जाणारे लोक आळशी आहेत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी २०१३ साली काढले होते. त्याच वेळी लाखो उझबेक कुटुंबे या ‘आळशी’ माणसांच्या कमाईवर जगत होती. करीमोव्ह यांचे २०१६ साली निधन झाल्यावर शौकत मिर्झियोयेव्ह यांच्या सरकारने धोरण पालटले. देशाबाहेर जाण्यासाठी लागणारी विशेष परवानगी २०१९ च्या आरंभी रद्द झाली, आणि जाणाऱ्यांना भाषा व हस्तकौशल्य शिकवण्याची केंद्रे उघडली गेली.

तिसरा प्रसंग २०२० मधील महामारीचा. सीमा बंद झाल्या, विमाने थांबली आणि काम गमावलेले हजारो मजूर रशिया व कझाकस्तान यांच्या सीमेजवळ तंबूंत अडकून पडले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा मध्य आशियाचे उत्पन्न कोसळणार असे भाकीत अनेकांनी केले. ते खोटे ठरले. रुबल सावरला, रशियन तरुण आघाडीवर किंवा परदेशी गेल्याने मजुरांची टंचाई वाढली, आणि त्या वर्षी पाठवलेल्या रकमा उलट वाढल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सैन्यभरतीचा आदेश निघाल्यावर तर हजारो रशियन नागरिकच कझाकस्तान, किर्गिझस्तान व उझबेकिस्तानात आश्रयाला आले, आणि ताश्कंद, बिश्केक येथील घरभाडी भडकली. रशियन नागरिकत्व मिळवलेल्या मध्य आशियाई पुरुषांना मात्र आता सैन्यात नेले जाऊ लागले.

२२ मार्च २०२४ रोजी मॉस्कोजवळील क्रोकस सभागृहावर दहशतवादी हल्ला होऊन १४० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पकडलेले संशयित हल्लेखोर ताजिक नागरिक होते. त्यानंतर बांधकामांवर, वसतिगृहांवर आणि बाजारांत धाडी पडू लागल्या, विमानतळांवरून अनेकांना परत पाठवण्यात आले, आणि काही प्रांतांनी परदेशी मजुरांना टॅक्सी चालवण्यास किंवा दुकानात काम करण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२५ पासून कागदपत्रे अपुरी असलेल्या परदेशी माणसांची स्वतंत्र यादी ठेवली जाऊ लागली. तीत नाव आले की बँकेतील व्यवहार, वाहन चालवणे, विवाहनोंदणी यांवर निर्बंध येतात. एप्रिल २०२५ पासून परदेशी मुलांना रशियन भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळेत प्रवेश मिळत नाही. बायकामुलांना बरोबर नेऊन स्थिरावू पाहणाऱ्या कुटुंबांपुढे यामुळे नवा पेच उभा राहिला. मुलाला घरी बसवावे, की आईसह गावी परत पाठवावे?

काही मजूर नवे देश शोधू लागले आहेत. उझबेक तरुण दक्षिण कोरियात करारावर जातात. तुर्कस्तानातही मोठी संख्या आहे. ब्रिटनमधील शेतांवर फळे वेचण्यासाठी पूर्वी युक्रेनमधून माणसे येत. युद्धानंतर त्यांच्या जागी किर्गिझ, ताजिक, उझबेक आणि कझाक आले, आणि २०२३ साली हंगामी परवाने मिळवणाऱ्यांत किर्गिझ नागरिक पहिल्या क्रमांकावर होते. हा परवाना सहा महिन्यांचा असतो, त्याची संख्या सरकार ठरवून देते, आणि विमानाचे भाडे मजुराने आधीच कर्ज काढून भरलेले असते. एका हंगामात हजारांच्याच संख्येने किर्गिझ व ताजिक या मार्गाने जातात. रशियाकडे जाणाऱ्यांची गणना अद्यापही लाखांतच करावी लागते.